ईएसआर नॉर्मल आलाय मग गुडघा का सुजलाय?

ईएसआर म्हणजे अंगातल्या सुजेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, आणि हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. मी लहान मुलांच्या संधिवाताच्या ओपीडीत समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, औषधाचं मी काही ठरवत नाही, पण रिपोर्ट हातात धरून रडवेले झालेले आईबाबा आधी माझ्याच टेबलाशी येऊन बसतात.

मागच्या पावसाळ्यात एक ताई आल्या, मुलगी सहा वर्षांची, डावा गुडघा, मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चालू. शंभर पानी वहीत ईएसआर आणि तशीच दुसरी तपासणी सीआरपी, यांचे सगळे आकडे, वाढलेले लाल पेनाने. आधीच्या वेळी सीआरपी 31 आला तेव्हा दोन रात्री झोप नाही, आणि पोरीला तेव्हा नुसता सर्दी-ताप होता हो, गुडघा ठणठणीत! आता ईएसआर 12, म्हणजे नॉर्मल, तर सासूबाईंचं सुरू, झाली ना बरी, बंद करा ती आठवड्याची गोळी, पोरीला मळमळतं.

आम्ही बोलतोय तोवर मुलगी खाली बसून चित्र काढत होती, उजव्या पायाची मांडी आणि डावा पाय सरळ पुढे. म्हटलं, ताई घरी पण अशीच बसते का? त्या गप्प. मग म्हणाल्या, "सकाळी अर्धा तास कडेवरच असते, मला वाटलं लाडात येते."

तर त्यांना सांगितलं ते असं. ईएसआर, सीआरपी म्हणजे अख्ख्या शरीरातल्या सुजेचा अंदाज, एकच गुडघा सुजला असेल तर रक्तात काही दिसेलच असं नाही, उलट साध्या इन्फेक्शनने सीआरपी चढतो आणि अंगात रक्त कमी असलं तरी ईएसआर वाढतो. आजार किती चालू आहे ते मोजायला डॉक्टर जो जेडास स्कोर काढतात त्यात चार गोष्टी असतात, सुजलेले-दुखरे सांधे, डॉक्टरांचं मत, पालकांचं मत आणि ईएसआर. म्हणजे तुमच्या मताला पण मार्क आहेत! एएनए, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी, पॉझिटिव्ह आहे म्हणून ती दर महिन्याला करायची गरज नाही, त्यावरून आजार किती चालू आहे ते कळत नाही, पण तो पॉझिटिव्ह असला की डोळ्यात सूज यायचा धोका जास्त, म्हणून डोळे तपासून घ्यायचेच, लाल नसले तरी, आतली सूज मुलाला जाणवत पण नाही.

एक मात्र वेगळं. ताप-पुरळवाला सिस्टेमिक प्रकार असेल, ताप हटत नाही, फेरिटिन (रक्तातलं लोह साठवणारं प्रथिन) खूप वाढलंय, प्लेटलेट उतरतायत आणि ईएसआर अचानक खाली आलाय, तर खूश होऊ नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

त्या दिवशी डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला, पाणी होतं. गोळी चालूच राहिली, मळमळीचं पण त्यांनी बघितलं. वहीत आता "सकाळी किती वेळ आखडली" असा एक रकाना वाढलाय. सासूबाई अजून नाराज आहेत, पण तो रकाना म्हणे त्याच भरतात.