पीडीएफचं कुलूप तुटलंय, अडलंय ते फॉन्टवर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वाचनालयाची नियमावली २००८ साली एका डीटीपीवाल्याने करून दिली, ३२ पानांची पीडीएफ आहे, त्याचं दुकान केव्हाच बंद झालं, मूळ फाइल कुणाकडेच नाही. उघडली की नावापुढे ‘सिक्युअर्ड’ दिसतं आणि कॉपी होत नाही. भाच्याने कुठल्याशा साइटवर ती ‘अनलॉक’ केली, वर्डमध्ये टाकली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुगा आला. आणि आता तुम्ही विचारताय की याहून भारी कुलूप तोडणारं सॉफ्टवेअर कोणतं.

कोणतंच नको. कुलूप भाच्याने तोडलंय. ते तुटलं नसतं तर भुगासुद्धा वर्डमध्ये आला नसता. तुम्ही उघड्या दारावर हातोडा मारताय.

तुम्ही चिकटवलेल्या नमुन्यातला दुसराच शब्द पाहा: ओ, के, पी, यू, के, वाय आणि शेवटी अर्धविराम. कुणाला वाटेल फाइल बिघडलीय, व्हायरस आहे. तो शब्द आहे ‘वाचनालय’! ओ म्हणजे व, के म्हणजे काना, पी म्हणजे च, यू म्हणजे न, पुन्हा के म्हणजे काना, वाय म्हणजे ल आणि अर्धविराम म्हणजे य. ही कृतीदेव नावाच्या जुन्या देवनागरी फॉन्टची मांडणी, रेमिंग्टन टाइपरायटरच्या वळणाची. थोडं खाली ई, जे, के, कॅपिटल बी, एच असं आलंय, तो ‘मराठी’. मजकुरात जागोजागी ‘के’ पेरलेले आणि वाक्याच्या मधेच अर्धविराम सांडलेले दिसले की मी पहिला संशय कृतीदेववर घेतो. म्हणजे तुमचा मजकूर जसाच्या तसा शाबूत आहे, फक्त त्याचा मुखवटा उतरलाय.

हे का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. ती रुळण्याआधीच्या मराठी फॉन्टांनी एक युक्ती केली होती. संगणकाला ठाऊक असलेली इंग्रजी अक्षरं तशीच ठेवायची, फक्त फॉन्टमध्ये त्यांची चित्रं देवनागरी काढायची. कृतीदेव तसाच, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीतले श्री-देव फॉन्ट तसेच, सी-डॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरबरोबर येणारे सुरेख, योगेश वगैरे तसेच. संगणकाच्या लेखी तिथे कधी ‘व’ नव्हताच, ‘ओ’च होता. आणि प्रेसवाले हे फॉन्ट सोडतही नव्हते, कारण सगळ्यांचं काम पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरवर आणि पेजमेकरला युनिकोड कळायचंच नाही. त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ची. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये देवनागरी नीट बसायला लागली ती २०१२च्या सीएस६ आवृत्तीपासून. तेव्हा तुमच्या डीटीपीवाल्याला दोष देऊ नका, २००८ साली सगळे असंच करायचे.

आता ‘सिक्युअर्ड’बद्दल, कारण इतर वाचणाऱ्यांनाही तो शब्द घाबरवतो. पीडीएफला दोन वेगळे पासवर्ड असतात. एक फाइल उघडण्याचा. ई-आधार उघडताना नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष टाकतो, तो हा. हा खरा पासवर्ड. तो नसेल तर आतलं काहीच वाचता येत नाही आणि विसरलात तर ज्याने फाइल दिली त्याच्याकडेच जावं लागतं. दुसरा मालकाचा पासवर्ड. तो लावला की फाइल कुणालाही उघडते, पण छापणं, कॉपी करणं, बदलणं यांवर बंदीची खूण राहते. ही खूण पाळायची की नाही हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर. बागेतल्या ‘फुले तोडू नयेत’ या पाटीची जेवढी ताकद, तेवढीच हिची. तुमच्या फाइलवर ही पाटी होती.

ती काढायला कुठल्या साइटवर फाइल चढवण्याची गरज नव्हती. छापायची परवानगी असेल तर फाइल क्रोममध्ये उघडा, प्रिंट म्हणा आणि प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ निवडा. बहुतेकांचं काम इथेच होतं. छापायलाही बंदी असेल तर क्यूपीडीएफ नावाचं फुकट साधन आहे. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) चालतं, पण आज्ञा एका ओळीची: आधी क्यूपीडीएफ, मग दोन डॅश जोडून डिक्रिप्ट, मग जुन्या फाइलचं नाव, मग नव्या फाइलचं. सगळं आपल्याच संगणकावर. वाचनालयाच्या नियमावलीत गुपित काही नाही, म्हणून भाच्याला माफ. पण सभासदांच्या आधारच्या प्रती, बँकेची कागदपत्रं अशी भलत्या साइटवर चढवू नका म्हणावं त्याला.

आणि हो, संस्थेची स्वतःची नियमावली आहे म्हणून मी इतक्या मोकळेपणाने सांगतोय. विकत घेतलेल्या ई-पुस्तकाचं कुलूप हा वेगळा मामला. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने त्यासाठी कलम ६५अ आलंय. अमेरिकेत तर २००१ साली दिमित्री स्क्ल्यारोव नावाच्या रशियन प्रोग्रॅमरला लास व्हेगसच्या परिषदेत भाषण दिल्यावर अटक झाली होती, अडोबीच्या ई-पुस्तकांचं कुलूप काढणारा प्रोग्रॅम लिहिला म्हणून. पुढच्या वर्षाच्या शेवटी त्याची कंपनी निर्दोष सुटली, पण त्याआधी गडी काही महिने अमेरिकेत अडकून पडला होता.

डिजिटल सही असलेल्या फाइलीला तर हातच लावू नका. सातबारा, दाखले, असले कागद. त्यात एक अक्षर बदललं तरी सही मोडते आणि उघडणाऱ्याला तसं दिसतं. तिथे चूक असेल तर कार्यालयातून नवा कागद घ्यायचा, बस.

आता तुमच्या कामाकडे. आधी खात्री करून घ्या. अडोबी रीडरमध्ये फाइल उघडून कंट्रोल आणि डी दाबा, प्रॉपर्टीजची खिडकी येईल, त्यात ‘फॉन्ट्स’ म्हणून टॅब आहे. तिथे कृतीदेवचं नाव आणि पुढे आकडा दिसायला हवा. दुसऱ्या कुणाला हे करताना मंगल किंवा निर्मला दिसलं तर फाइल युनिकोडची. यादी अगदी रिकामी असेल तर पान ८०० टक्के मोठं करून अक्षराची कड पाहायची. कड दातेरी, चौकोनी ठिपक्यांची असेल तर तो स्कॅन, म्हणजे फोटो. कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असेल तर कोरलड्रॉमध्ये अक्षरांचे ‘कर्व्ह’ करून टाकलेत. दिसायला अक्षर, प्रत्यक्षात रेघांची नक्षी. या दोन्हींत कॉपी करायला मजकूरच नसतो, त्यामुळे कुलूप काढूनही हाती शून्य. लोक इथे चार-चार सॉफ्टवेअर पालथी घालतात.

तुमच्याकडे कृतीदेव आहे असं धरून दोन रस्ते.

घाईचा रस्ता: त्याच आकड्याचा कृतीदेव संगणकावर बसवा, वर्डमधला भुगा सगळा निवडून त्याला तो फॉन्ट लावा. मराठी जागच्या जागी उभी राहील. पहिल्यांदा पाहणाऱ्याला जादूच वाटते. एखादी वर्गणी, एखादा पत्ता बदलून छापायचं असेल तर एवढंच करा. पण ही फाइल ईमेलने दुसऱ्याकडे गेली आणि त्याच्याकडे फॉन्ट नसला की पुन्हा ‘ओके पीयूके’ सुरू. शिवाय त्यात शोधता येत नाही.

कायमचा रस्ता: युनिकोडमध्ये आणा. कृतीदेवचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर बरेच आहेत, भुगा डाव्या चौकटीत टाकला की उजवीकडे मराठी. फक्त फॉन्ट अचूक निवडा, श्रीलिपीच्या मजकुराला कृतीदेवचा कन्व्हर्टर लावलात तर भुग्याचा दुसरा भुगा होतो. आणि निकालात तीन जागा मुद्दाम तपासा. पहिली, ऱ्हस्व वेलांटी. टाइपरायटरसारखी ती अक्षराच्या आधी उमटते. ‘समिती’ कृतीदेवात एल, एफ, ई, आर, एच अशी असते आणि यातला एफ म्हणजे वेलांटी, म च्या आधी बसलेली. कन्व्हर्टरने तिला उडी मारून म च्या मागे न्यायचं असतं. साध्या अक्षरावर जमतं, जोडाक्षरावर पाय घसरतो. ‘स्थिती’, ‘निश्चित’ असे शब्द शोधून पाहा. दुसरी, दुसऱ्या-तिसऱ्या-अधिकाऱ्यांचा ऱ्य. हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरला तो माहीतच नसतो, ‘दुसर्या’ असा रफार चढवून मोकळा होतो. तिसरी, पीडीएफमधून कॉपी होतानाच काही जोडाक्षरं गळतात. तिथे शब्दात खड्डा दिसेल.

आधी दोनच पानं करून बघा. खड्डे फार असतील तर वेळ घालवू नका, ओसीआर करा, म्हणजे पान फोटोसारखं वाचायला लावा. माझं तर मत असं झालंय की मराठीत बऱ्याचदा तेच बरं पडतं, अगदी युनिकोड पीडीएफलासुद्धा. कारण पीडीएफ पानावर आकृत्या मांडते, शब्द नव्हे, आणि कॉपी करताना त्या दिसतात त्या क्रमाने बाहेर येतात. ‘समिती’ची ‘सिमती’ होते, ‘कार्य’चं ‘कायर्’ होतं. ओसीआरला त्या क्रमाशी देणंघेणं नाही, तो डोळ्यांनी वाचतो.

सोपा ओसीआर गूगल ड्राइव्हमध्येच आहे. फाइल चढवा, उजवी कळ दाबून ‘ओपन विथ’मध्ये गूगल डॉक्स निवडा. मराठी छान वाचतो. फाइल दोन एमबीच्या आत ठेवा, ३२ पानांचे तीन-चार तुकडे करा. तक्ते मात्र विस्कटतात, ते हाताने पुन्हा मांडायचे. ज्यांना कागद बाहेर पाठवायचे नाहीत त्यांच्यासाठी आपल्याच संगणकावर चालणारं टेसरॅक्ट नावाचं ओसीआर आहे. मूळचं एचपी कंपनीत लिहिलेलं, २००५ साली सगळ्यांसाठी खुलं केलेलं. मराठीची डेटा-फाइल घालायला विसरू नका. कागदावरून स्कॅन करणार असाल तर ३०० डीपीआय ठेवा. मोबाइलने तिरका फोटो काढून ओसीआरला शिव्या देऊ नयेत.

ओसीआरच्या चुका वेगळ्या. तो भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, थ आणि य यांत फसतो. ‘सभासद’चा ‘समासद’ झाला की हसू येतं, ‘घटना’ची ‘धटना’ही डोळ्याला खुपते. घात करतात ते आकडे, कारण चुकलेला आकडासुद्धा आकडाच दिसतो.

हे मी अंगावर घेतलेलं आहे. आमच्या एका मंडळाची घटना मी अशीच फोटोवरून उतरवली, शुद्धलेखन दोनदा तपासलं, प्रती काढल्या, वाटल्या. वार्षिक सभेत एक तरुण सभासद उभा राहिला आणि म्हणाला, “सर, गणपूर्ती ९५ लिहिलीय. आपण सगळे मिळून बहात्तर आहोत.” मूळ कागदावर १५ होते, शाई जराशी पसरलेली, एकाचा नऊ झाला. अध्यक्षांनी गंभीरपणे विचारलं की मग आजची सभा भरलीय की नाही. पुढली पंधरा मिनिटं कुणी विषयपत्रिकेकडे पाहिलं नाही.

तेव्हापासून मी आकड्यांपुरती एक पद्धत ठेवलीय. एकाने मूळ पान हातात घेऊन फक्त आकडे मोठ्याने वाचायचे, वर्गणी, मुदती, कलमांचे क्रमांक, तारखा, आणि दुसऱ्याने नव्या फाइलवर बोट ठेवत जायचं. मजकूर नव्हे, फक्त आकडे. ३२ पानांना तासभर पुरतो. आणि ‘मूळ’ म्हणून ही पीडीएफ धरू नका. धर्मादाय आयुक्त कार्यालयात तुमच्या नोंदणीच्या कागदांत नियमावलीची प्रत असणार, तिची प्रमाणित नक्कल काढा आणि तिच्याशी ताडा. डीटीपीवाल्यानेही २००८ साली कुणाच्या तरी हस्ताक्षरावरूनच टाइप केलं असेल, त्याच्याही हातून काही सुटलं असू शकतं.

एवढं करून साधारण दोन संध्याकाळी जातील. सगळं नव्याने टाइप करायला दिलंत तर तीन-चार दिवस आणि नव्या चुका. पण तक्ते फार असतील, वर्गणीचे, पुस्तकांच्या अनामतीचे वगैरे, तर तेवढी पानं मात्र सरळ टाइपच करून घ्या. फॉन्ट्सच्या टॅबचा फोटो इथे टाका; कृतीदेवच्या पुढचा आकडा दिसला की कन्व्हर्टरमध्ये काय निवडायचं ते सांगतो.