कॉक्लिअर इम्प्लांटनंतर आईशी पूर्वीसारख्या गप्पा मारता येतील का?

हो, शांत जागी समोरासमोर बसून गप्पा बहुतेक जमतील, पण मशीन सुरू केल्या दिवशीच नव्हे. इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेलं यंत्र. ते श्रवणयंत्रासारखा आवाज मोठा करत नाही. त्याचे १२ ते २२ इलेक्ट्रोड (विजेची बारीक टोकं) श्रवणाच्या नसेला थेट विजेचे संदेश देतात आणि ते ओळखायला मेंदूला काही महिने लागतात. सुरुवातीला तुमचा आवाज आईंना चिरका, यंत्रासारखा वाटेल. मनाला लावून घेऊ नका. रोज थोडं वाचून दाखवा, आई पानावर नजर ठेवून ऐकतील. चारजण एकदम बोलले की मात्र त्यांना अवघड जाईल. तेव्हा एकेकानेच बोला, आणि पुन्हा विचारलं तर "जाऊ दे, काही नाही" असं कधीच म्हणू नका. तेच सगळ्यात जास्त लागतं. फार वर्षं काहीच ऐकू येत नसेल, तर फायदा कमी होऊ शकतो.