सगळी पुंजी ॲन्युइटीत घालावी का?

प्रश्न : चाकणच्या एका कारखान्यातून मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. माझे वय ६१, पत्नीचे ५७. भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी धरून ६० लाख रुपये हाती आहेत. कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस) पेन्शन दरमहा ३,२०० रुपये मिळते आणि घरखर्च ४०,००० रुपयांच्या आसपास आहे. घर स्वतःचे आहे, मुलगा कमावता आहे. विमा प्रतिनिधी म्हणतात की ५० लाखांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन मिळणारी पेन्शन, घ्या; तहहयात पेन्शन मिळेल आणि पुढे मुद्दलही मुलाला परत मिळेल. पत्नीचा भरवसा मात्र बँकेतील ठेवींवर आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ५० लाख एकदम ॲन्युइटीत घालू नयेत, आणि मुद्दल परतीचा पर्याय तर तुमच्यासारख्यांनी टाळलेलाच बरा. ॲन्युइटी हा दीर्घायुष्याचा विमा आहे : जे लवकर जातात त्यांच्या शिल्लक पैशातून जे नव्वदीपर्यंत जगतात त्यांचे हप्ते चालू राहतात. मुद्दल परत मागितले की हा लाभ जवळजवळ संपतो, हप्ता कमी होतो आणि कंपनी तुम्हाला तुमच्याच पैशाचे व्याज देत राहते. शिवाय महागाई ६ टक्के धरली, तर २५ वर्षांनी मुलाच्या हाती येणाऱ्या ५० लाखांची किंमत आजच्या बारा लाखांहूनही कमी असेल. त्यासाठी तुम्ही दोघांनी आयुष्यभर कमी पेन्शनवर का भागवावे?

महागाईचा फटका हप्त्यालाही बसतो. याच दराने ठरावीक हप्त्याची क्रयशक्ती बारा वर्षांत निम्मी होते, आणि तेव्हा तुमच्या पत्नी केवळ ६९ वर्षांच्या असतील. दरवर्षी ३ टक्के वाढणारी ॲन्युइटीही मिळते; परंतु ती वाढ बहुधा सरळ पद्धतीची असते, म्हणजे १०,००० रुपयांचा हप्ता वीस वर्षांनी १६,००० होईल, तर तेवढ्याच वस्तूंना ३२,००० रुपये लागतील.

पत्नींचे म्हणणेही पुरते बरोबर नाही. एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच विमासंरक्षण असते. २०१३ पासून निर्बंधांखाली असलेल्या रुपी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये रद्द केला, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. ठेवीची मुदत संपेल तेव्हा व्याजदर काय असतील, हा धोका निराळाच.

किराणा, वीज, औषधे, सोसायटीची वर्गणी आणि मेडिक्लेमचा हप्ता असा न टळणारा खर्च २८,००० रुपये धरू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुमच्या नावे कमाल ३० लाख ठेवता येतात, ८.२ टक्के दराने त्यांचे दर तिमाहीस ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये होतात. ईपीएस मिळवली की २३,७०० झाले. उरलेल्या सुमारे ४,३०० रुपयांच्या फटीपुरतीच ॲन्युइटी आज घ्यावी, त्यासाठी साधारण आठ-दहा लाख लागतील. वय वाढेल तसा ॲन्युइटीचा दर वाढतो, त्यामुळे बचत योजनेची पाच वर्षांची मुदत संपल्यावर आणखी थोडी घेता येईल. आठ-नऊ लाख आजारपणासाठी मोकळे ठेवावेत. बाकीची रक्कम, चढउतार सोसण्याची तयारी असल्यास, म्युच्युअल फंडात ठेवून २८,००० रुपयांच्या वरचा खर्च तिच्यातून काढावा. महागाईशी झुंजायला तेवढेच हत्यार हाती उरते.

ॲन्युइटी घेताना ती दोघांच्या हयातीपर्यंत पूर्ण हप्ता देणारी असावी, कारण तुमच्या पश्चात ईपीएसमधून पत्नींना निम्मेच, म्हणजे १,६०० रुपये मिळतील. दोन-तीन कंपन्यांचे आकडे लेखी मागवावेत. हप्ता पूर्णपणे करपात्र उत्पन्नात धरला जातो, हेही हिशेबात घ्यावे. पॉलिसी हाती आली की पर्याय आणि पत्नींचे वय बरोबर नोंदले आहे का हे लगेच पाहावे. चूक आढळल्यास ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते, त्यानंतर मात्र मुद्दल परती नसलेल्या ॲन्युइटीतून बाहेर पडणे जवळपास अशक्य असते.