थायरॉईडच्या गाठीचा रिपोर्ट 'बेथेस्डा ४' आलाय. कॅन्सर आहे की नाही हे न कळताच ऑपरेशन करून घ्यायचं का?

ताई, तुमची गाठ उजव्या बाजूला, तीन सेंटीमीटरची. टीएसएच (थायरॉईडचं काम नीट चाललंय का हे सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल, आणि सुईच्या तपासणीत 'फॉलिक्युलर निओप्लाझम, बेथेस्डा ४'. बेथेस्डा म्हणजे सुईच्या तपासणीचे निकाल सहा गटांत मांडायची पद्धत, तुमचा गट चौथा; आणि फॉलिक्युलर निओप्लाझम म्हणजे थायरॉईडच्याच पेशींची गाठ, साधी की कॅन्सरची ते न ठरलेली. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, पण कॅन्सर आहे का विचारलं की 'सांगता येत नाही' म्हणतात, म्हणून तुमचा विश्वास डळमळलाय. २०१९ मध्ये माझ्या हातात जवळजवळ हाच कागद होता. मी डॉक्टर नाही, प्राथमिक शाळेत शिकवते. जे भोगलं आणि विचारून विचारून समजून घेतलं, तेवढंच सांगते.

तुमचे डॉक्टर काही लपवत नाहीयेत. या प्रकारच्या गाठीत सुईला उत्तर देताच येत नाही. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, पण शीत दाबून भात शिजला का ते कळतं, पातेल्याला तडा गेलाय का ते कळत नाही. फॉलिक्युलर गाठीत साध्या आणि कॅन्सरच्या पेशी दिसायला सारख्याच असतात. फरक असतो तो गाठीभोवतीच्या आवरणात: पेशी ते भेदून बाहेर पडल्यात का, रक्तवाहिनीत शिरल्यात का. त्यासाठी अख्खी गाठ आवरणासकट काढून मायक्रोस्कोपखाली बघावी लागते. म्हणजे हे ऑपरेशन हीच तुमची खरी बायोप्सी. हे मला समजलं त्या दिवशी माझा निम्मा राग गेला. तीनदा सुई टोचून घेण्याचा माझा हट्टही तिथेच सुटला. (रिपोर्ट तिसऱ्या गटातला असता, तर पुन्हा सुईची तपासणी करण्यात अर्थ असतो.)

आकडाही सांगते, कारण तो कुणी नीट सांगत नाही. बेथेस्डा पद्धतीच्या २०२३ च्या आवृत्तीप्रमाणे चौथ्या गटात कॅन्सर निघण्याची शक्यता साधारण ३० टक्के आहे. म्हणजे शंभरातल्या सत्तर जणींची गाठ साधी निघते. रात्री झोप लागत नाही तेव्हा आपण त्या तिसांतच उभ्या असतो, हे मला माहीत आहे. तरी दिवसाउजेडी सत्तरांकडेही बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'ऑपरेशन' म्हणजे किती, हे विचारलंत का? मला पहिल्या सर्जननी 'पूर्ण ग्रंथी काढून टाकू, पुन्हा कटकट नको' असं दोन मिनिटांत सांगितलं होतं. मी गप्प बसले असते तर आज जन्मभराच्या गोळ्यांवर असते. भावाने स्लाइड (सुईने काढलेल्या पेशींच्या काचपट्ट्या) मागून घेतल्या आणि आम्ही दुसरीकडे दाखवल्या. सोनोग्राफीत डावी बाजू स्वच्छ होती, मानेतल्या गाठी नव्हत्या. दुसऱ्या सर्जन म्हणाल्या, गाठ असलेली बाजू, म्हणजे अर्धीच ग्रंथी काढू, रिपोर्ट काय येतो ते बघू, गरज पडली तर उरलेली नंतर. अर्धी ग्रंथी ठेवली तर बहुतेकांचं काम तिच्यावर भागतं. चार-पाच जणांत एखाद्याला गोळी लागते. कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारीक ग्रंथी थायरॉईडला चिकटून असतात, त्यातल्या दुसऱ्या बाजूच्या दोघींना हातच लागत नाही. प्रत्येकीला अर्ध्यावर भागेल असं नाही. दोन्हीकडे गाठी असतील, तर पूर्ण काढणंच योग्य ठरू शकतं. पण 'अर्धी का नाही?' हा प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका. आणि स्लाइड तुमच्या आहेत, त्या मागायला संकोच नको.

माझी खरी भीती मरणाची नव्हती, आवाजाची होती. दिवसभर वर्गात बोलायचं आणि एकादशीला भजनात गायचं, एवढंच माझं जग. आवाजाची नस थायरॉईडच्या अगदी मागून जाते. तिला इजा झाली तर आवाज घोगरा होतो. वरच्या टोकाजवळून दुसरी एक बारीक नस जाते, ती दुखावली तर बोलणं ठीक राहतं पण वरचे सूर लागत नाहीत. मी गाते हे सर्जनना आधी सांगितलं. त्यांनी ऑपरेशनपूर्वी दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घेतलं. 'वर्षाला थायरॉईडची किती ऑपरेशनं करता?' हेही मी विचारलं. त्या रागावल्या नाहीत, आकडा सांगितला. ज्यांचा हात या कामात रोज फिरतो, त्यांच्याकडेच जा. मला तीन आठवडे आवाज बसल्यासारखा होता, वरचा षड्ज लागायला चार महिने गेले, पण लागला.

ऑपरेशन चालू असतानाच रिपोर्ट मिळेल अशी आशा ठेवू नका. फॉलिक्युलर गाठीत त्या घाईच्या तपासणीतून सहसा निकाल लागत नाही. माझा रिपोर्ट नवव्या दिवशी आला: फॉलिक्युलर ॲडेनोमा, साधी गाठ. शेजारच्या खाटेवरच्या ताईंना कॅन्सर निघाला. दोन महिन्यांनी त्यांची उरलेली बाजू काढली, रेडिओआयोडीन (उरलेल्या थायरॉईडच्या पेशी मारणारं किरणोत्सर्गी आयोडीन) दिलं. त्या आज शेतात काम करतात.

माझा रिपोर्ट साधा आल्यावर नातेवाईक म्हणाले, 'मग उगाच कापलं की!' ते फार लागलं मला. उगाच नव्हतं. ती गाठ गळ्यात ठेवून मी रोज आरशात चाचपत बसले असते.

सासूबाई काढ्याने गाठ विरघळवू म्हणतात, तर त्यांच्याशी भांडू नका, पण त्यापायी तारीख पुढे ढकलत राहू नका. दुसरं मत घ्यायला दोन-तीन आठवडे गेले तर सहसा बिघडत नाही. गाठ भराभर वाढली, आवाज बदलला किंवा गिळायला त्रास व्हायला लागला, तर मात्र थांबू नका.

आणि तुमची लेक तीन वर्षांची आहे म्हणालात. सुरुवातीचे दोनेक आठवडे तिला कडेवर घेता येणार नाही. आत्तापासूनच तिला पलंगावर, शेजारी बसून कुशीत शिरायची सवय लावा.