'अ टेल ऑफ टू सिस्टर्स' पहिल्यांदा बघताय? मग हे वाचा

कोरियन भयपटांची सुरुवात किम जी-वूनच्या या 2003 च्या सिनेमापासून करताय, हे उत्तमच. फक्त आधी कथा शोधून वाचू नका, ट्रेलरही नको. आणि 2009 चा अमेरिकन रिमेक तर मुळीच नको. शेवट कळला की अर्धी मजा गेली.

दोघी बहिणी गावाकडच्या घरी परततात, तिथे सावत्र आई. मूळ आहे कोरियातल्या जुन्या जोसन राजवटीच्या काळातली जांगह्वा-होंगर्योन ही लोककथा, पण सावत्र आई दिसली म्हणून लगेच निकाल देऊन मोकळे होऊ नका.

पहिला तासभर संथ वाटेल. मोबाइल बाजूला ठेवा. भूत कुठून येतंय यापेक्षा वडील कुणाशी बोलतात, कुणाच्या बोलण्याला उत्तरच देत नाहीत, ते बघा. जेवणाच्या टेबलावर पाहुणे आलेत त्या प्रसंगात बोलणारीपेक्षा ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहा. भिंतींवरचा तो दाट फुलांचा वॉलपेपर, ते कपाट... असो, कपाटाबद्दल जास्त बोलत नाही.

डब केलेला नको, सबटायटल्स लावा. आवाजातले बारकावे महत्त्वाचे आहेत. शेवटी गोंधळलात तर चिडू नका, मीही गोंधळलो होतो. आठवड्याने पुन्हा बघा, या वेळी फक्त वडिलांवर नजर ठेवून.