आधी शिलालेख, मग वारसा

प्रश्न : दियारबाकरची काळी तटबंदी कुठे ‘तुर्की वारसा’ म्हणून दाखवतात, कुठे ‘कुर्दी वारसा’ म्हणून. आग्नेय तुर्कस्तानातील वास्तूंवर लिहिताना काय धरावे?

उत्तर : सरसकट दोन्हीही धरू नका. सुमारे ५.८ किलोमीटरच्या या तटाचे मूळ रोमन काळातले. पुढे मरवानी, सेल्जुक, अर्तुकी अशा सत्तांनी बुरूज आणि डागडुजीची भर घातली, आपापले शिलालेखही बसवले. यांतले मरवानी घराणे कुर्दी, अर्तुकी तुर्कमान, म्हणजे तुर्की वंशाचे. म्हणून चित्राखालची ओळ चित्रातल्या बुरुजापुरती लिहावी, अख्ख्या तटाबद्दल नव्हे. काळा बेसाल्टही कुणाची खूण नाही. तिथला दगडच तो.

शिलालेखातले हिजरी (इस्लामी) वर्ष ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास येतो. दियारबाकरच्या तिग्रिस नदीवरच्या दहा कमानींच्या पुलाचे ४५७ म्हणजे १०६५, मरवानी काळ. फसगत होते ती क्रियापदावर : ‘दुरुस्त केले’ असे कोरलेले असताना ‘बांधले’ छापले जाते आणि इमारत भलत्याच घराण्याच्या नावावर जाते.

ईशान्य तुर्कस्तानातल्या आनी या जुन्या शहरातली मनुचेहर मशीद शद्दादी या कुर्दी घराण्याच्या अमिराच्या नावाची. तरी तुर्कस्तानात ती अनातोलियातली पहिली तुर्की मशीद म्हणून मिरवली जाते, आणि आनी ही आर्मेनियन बागरातुनी राजांची राजधानी होती हे मागे पडते. उलट, दियारबाकर प्रांतातला ११४७ चा मालाबादी पूल अर्तुकींचा. कुर्दांना तो कितीही जवळचा असला, तरी बांधणारा बदलत नाही. दोन्ही चुका दुरुस्त कराव्यात, पण त्यांचे वजन सारखे मानू नये. ‘कुर्दी’ हा शब्दच दडपण्याची ताकद सरकारकडे होती आणि तिने तो दशकानुदशके दडपला.

प्रश्न : मग शहराचे नाव दियारबाकर लिहावे की आमेद?

उत्तर : नकाशावर दियारबाकर, आणि पहिल्या उल्लेखात ‘कुर्दीत आमेद’ अशी जोड. आमेद हे शहराच्या ‘अमिदा’ या प्राचीन नावाशी जुळते. दियारबेकिर हे नंतरचे नाव, म्हणजे बक्र या अरब टोळीचा मुलूख. १९३७ मध्ये त्याचे दियारबाकर केले, म्हणजे तुर्कीतला ‘बाकर’, तांबे, त्यात ऐकू यावे. जुना मजकूर उद्धृत करताना त्यातले नाव जसेच्या तसे ठेवा.