‘अठरा गेलं, सातच उरलं ना मॅडम?’

जून २०२१. सातारा जिल्ह्यातले एक शेतकरी दादा पत्नीला घेऊन आले होते. कोविडमध्ये एकवीस दिवस दवाखान्यात काढून दादांना घरी येऊन महिना झाला होता. फुफ्फुसांच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टवरचा ‘१८/२५’ हा आकडा पेनाने गिरवून गिरवून कागद फाटायला आला होता. "अठरा गेलं, सातच उरलं ना मॅडम? गेलेलं परत येतं का?"

हा प्रश्न त्या उन्हाळ्यात मी रोज ऐकत होते. मुळात तो आकडा म्हणजे त्या दिवशी किती भागात सूज दिसली याचा अंदाज. तेवढं फुफ्फुस मेलं, असा त्याचा अर्थ नव्हे.

मी विचारलं, "सोयाबीन विरळ उगवलं तर काय करता?"

"नांग्या भरतो. रिकाम्या जागी पुन्हा बी टोचतो."

फुफ्फुसातही तेच चालतं. कोट्यवधी वायुकोशांना पातळ, चपट्या पेशींचं अस्तर असतं, त्यातूनच ऑक्सिजन रक्तात जातो. मधेमधे काही गुबगुबीत पेशी असतात. एरवी त्या वायुकोश मिटू नयेत म्हणून एक स्निग्ध द्रव बनवतात. चपट्या पेशी मेल्या की याच वाढतात, चपट्या होतात आणि उघडी पडलेली जागा झाकतात. पण कोविडचा विषाणू या गुबगुबीत पेशींनाही धरतो, म्हणजे बियाण्यालाच कीड. म्हणून भरून यायला महिने लागतात. आणि खालची मातीच वाहून गेली असेल, तिथे व्रण राहतो. हेही मी लपवलं नाही. खोट्या धीराने माणूस पुढे जास्त खचतो.

वहिनी मग हळूच म्हणाल्या, "रात्रभर बोटाला ते मशीन लावून बसतात." रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्के दिसला की छातीत धडधड, धडधडीने श्वास अपुरा, की पुन्हा मशीन. फुफ्फुसाइतकाच हा फेरा त्यांना थकवत होता. आम्ही ठरवलं: मशीन सकाळ-संध्याकाळ आणि सहा मिनिटं चालल्यावर, बस. आकडा ९४च्या खाली गेला किंवा चालल्यावर चारने उतरला, तर थेट डॉक्टरांना फोन. धाप लागली की नाकाने श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा सावकाश सोडायचा.

ऑक्टोबरमध्ये नवा स्कॅन झाला. बरेचसे डाग विरले होते, डाव्या बाजूला खाली थोडे व्रण राहिले होते. चढाला त्यांना अजून धाप लागत होती, तरी सोयाबीनच्या काढणीला ते रानात उभे होते. मशीनचं विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "त्यातले सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घातलेत."